चौथे वाचन चालू आहे!

विद्यापीठाच्या अंतिम परीक्षेचे वेळापत्रक सूचनाफलकावर लागले की वसतिगृहांत, अभ्यासिकांत आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढील रांगांत एक वाक्य अव्याहत कानी पडू लागते, ते असे, की ‘माझी तीन वाचने झाली, चौथे चालू आहे’. आणि बोलणाऱ्याच्या मुद्रेवरील समाधान पाहता, स्मरणशक्ती हे जणू सरकारी दफ्तर असून चार वेळा आवक नोंद झालेला कागद मागितल्याक्षणी हाती येणारच, अशी या मंडळींची बालंबाल खात्री असावी असे वाटते.

पहिल्या वाचनाने विषय कळतो, दुसऱ्याने निसटलेले दुवे जुळतात, इथवर तक्रार नाही. त्यापुढे मात्र मजकूर ओळखीचा होतो, डोळे न अडखळता ओळींवरून धावू लागतात, आणि या सुलभतेलाच विद्यार्थी ज्ञान समजून बसतो. परीक्षागृहात कोणी परिच्छेद पुढे धरून ‘हा तुमच्या परिचयाचा आहे काय?’ असे विचारीत नाही. तेथे कोरी उत्तरपत्रिका मिळते, आणि मजकूर आपल्याच मनातून बाहेर काढावा लागतो. त्याची तालीम किती वेळा केली, असे विचारले की उत्तर येते, ‘तेच तर वाचतोय!’

एवढ्यावर ज्यांचे समाधान होत नसेल त्यांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. एका गटाने चारही सत्रांत उतारा नुसता वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून उरलेल्या तिन्ही सत्रांत, उतारा दृष्टीआड ठेवून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचकांना ८३ टक्के आशय आठवला, लिहिणाऱ्यांना ७१; आठवड्यानंतर मात्र वाचकांची मजल ४० टक्क्यांवर आली आणि लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत अशी, की आपल्याला पुष्कळ लक्षात राहील असा भरवसा अधिक होता तो वाचकांनाच. पुस्तक मिटताक्षणी सारे आठवते, या खऱ्याखुऱ्या अनुभवावरच हा भ्रम पोसला जातो!

यात पाश्चात्त्यांची नवलाई मानण्याचे कारण नाही. आपल्या वेदपाठशाळांत जटा, घन या पाठांतून पदांचा अनुक्रम उलटसुलट करीत संहिता मुखाने म्हणावी लागे. पोथीवर नजर ठेवून बसणाऱ्यास कोणी घनपाठी म्हटले नसते.

तेव्हा पुस्तक मिटावे, मागील वर्षाची प्रश्नपत्रिका घ्यावी, उत्तर लिहावे आणि मगच ते पुस्तकाशी ताडून पाहावे. प्रारंभी हे काम अप्रिय वाटते, कारण आपले अज्ञान कागदावर उघडे पडते. पण ते परीक्षेपूर्वी पडलेले बरे. हीच उजळणी मध्ये दिवस सोडून करावी. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ सालीच नोंदवून ठेवले आहे, की निरर्थक अक्षरमालिकेच्या एका दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीही साधले.

उरलेल्या समजुतींचा फैसला थोडक्यात करता येईल. आदल्या रात्रीचे जागरण हा अभ्यास नव्हे. वाचलेले मनात स्थिरावते त्यात झोपेचा मोठा वाटा असतो. पहाटे चारचा अभ्यास सर्वांनाच मानवतो असेही नाही, कारण ऐन तारुण्यात देहाचे घड्याळ स्वभावतःच उशिराचे असते, आणि वडीलधाऱ्यांच्या हुकुमाने ते पुढे सरकत नाही. पिवळ्या-गुलाबी हायलायटरने पाने रंगविण्याची उपयुक्तता जॉन डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ च्या आढाव्यात अल्प ठरविली आहे. आणि पुरवण्यांच्या संख्येवर गुण पडतात, या महाविद्यालयीन लोककथेविषयी इतकेच, की प्रत्येक प्रश्नाची कमाल गुणमर्यादा प्रश्नपत्रिकेतच छापलेली असते. पाच गुणांच्या टिपेवर चार पाने खर्ची घातली तरी सहावा गुण देण्याची तरतूद परीक्षकापाशी नसते.