कॅबिनेट उघडताना : आठाला सोळाची जोड

आज रॅमच्या 'सीएल'च्या (कॅस लेटन्सीच्या) आकड्यांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मध्येच इचलकरंजीहून एका वाचकांचा प्रश्न आला, आणि तो माझ्या आवडीच्या जागी नेमका येऊन लागला.

हे गृहस्थ डीटीपी करतात. लग्नपत्रिका आणि हल्ली जास्त करून फ्लेक्स. मशीनमध्ये आय-फाइव्ह १०४००, मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट, त्यात ८ जीबीची एकच डीडीआर-४ पट्टी. कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडले की मशीन रडायला लागतं. त्यांना १६ जीबीची पट्टी वाढवायची आहे, पण दुकानदार म्हणतो, "आठाला आठच लागते. सोळा लावलीत तर ड्युअल चॅनल विसरा."

हे इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता चीड येते. खरा प्रकार असा. डीडीआर-४च्या एका चॅनलची वाट ६४ बिटांची, म्हणजे एका खेपेला ८ बाइट. २६६६च्या वेगाने सेकंदाला साधारण २१.३ जीबी माल जाऊ शकतो. दोन्ही चॅनल चालू असले तर ४२.६. एका चॅनलवर आठ आणि दुसऱ्यावर सोळा दिसले म्हणून इंटेलचा मेमरी कंट्रोलर अडून बसत नाही. आठातले आठ आणि सोळातले आठ यांची तो जोडी लावतो. हे १६ जीबी ड्युअल चॅनलवर चालतात, उरलेले ८ एकाच चॅनलवर. इंटेलचं यासाठी 'फ्लेक्स मेमरी' असं नावही आहे.

तेव्हा सोळाचीच घ्या. फ्लेक्सची मोठी फाइल उघडल्यावर रॅम संपली की विंडोज आणि फोटोशॉप दोघंही डिस्ककडे धावतात. एसएसडी असली तरी तिथला वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा, रॅमचा नॅनोसेकंदांत. त्या दरीपुढे शेवटचे ८ जीबी एका चॅनलवर चालले काय आणि दोन चॅनलवर चालले काय! आधी टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघून घ्या : काम ऐन रंगात असताना मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर जाते का? जात नसेल तर पैसे खिशातच राहू द्या, दुखणं दुसरीकडे आहे.

पण त्यांनी पाठवलेल्या फोटोत मला वेगळीच गोष्ट दिसली. जुनी पट्टी प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या स्लॉटमध्ये आहे. दुकानदाराने सोळाची पट्टी नमुन्यादाखल लावून दाखवली ती शेजारच्या पहिल्या स्लॉटमध्ये. पडद्यावर २४ जीबी आले, सगळे खूश. आणि दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलवर! चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर पहिले दोन चॅनल 'ए'चे, पुढचे दोन 'बी'चे. दोनच पट्ट्या असतील तर जागा दुसरी आणि चौथी. पहिली आणि तिसरी लावूनही दोन चॅनल मिळतात, मग हा हट्ट कशाला? पुष्कळ बोर्डांवर तांब्याची वाट पहिल्या स्लॉटवरून पुढे दुसऱ्यापर्यंत जाते. टोकाचा स्लॉट रिकामा ठेवला की सिग्नल तिथे आपटून माघारी येतो आणि वेग वाढवला की त्रास देतो. बोर्डावर बारीक अक्षरांत ए-२, बी-२ छापलेलं असतं. टॉर्च मारा, दिसेल.

ड्युअल चॅनलचा फरक वर्डमध्ये पत्र टाइप करताना कळणार नाही. यांच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅममधून वाटा घेतं, म्हणून त्यांना तो मिळालेला बरा. बसवल्यावर सीपीयू-झेडच्या मेमरीच्या पानावर दोन चॅनल चालू असल्याचं दिसलं पाहिजे.

दुकानात ३२००ची पट्टी दाखवतील. चालेल, पण धावेल २६६६नेच, कारण या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा तेवढीच. दर सारखा असेल तर घ्या, जास्तीचे पैसे मात्र देऊ नका. डीडीआर-५ स्वस्तात मिळतेय म्हणून कुणी गळ्यात मारू लागला तर हात जोडा : पिना दोन्हींना २८८च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे ती या स्लॉटमध्ये बसतच नाही.

पट्टी लावल्यावर एक रात्र मेमटेस्ट चालवा आणि सकाळी लाल ओळी आल्या का ते कळवा. पत्रिकांचा हंगाम सुरू व्हायच्या आत हे उरकलेलं बरं.