५२ सेकंदांभोवतीच्या वावड्या

१५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली, की आपल्या मलकापुरातल्या मोबाइलवरही तो निरोप येऊन थडकतो: युनेस्कोने आपल्या ५२ सेकंदांच्या राष्ट्रगीताला जगात पहिला नंबर दिला! युनेस्कोने असे काहीही ठरवलेले नाही. राष्ट्रगीतांचे नंबर काढणे हे तिचे कामच नव्हे. बरे, ज्या गीताला आपण आपणहून उठून उभे राहतो, त्याला युनेस्कोचे प्रमाणपत्र हवे तरी कशाला?

दुसरी वावडी जुनी आणि चिवट. 'जन गण मन' इंग्रज बादशहा पंचम जॉर्जच्या स्तुतीसाठी लिहिले, असे शिकलेली माणसेही छातीठोकपणे सांगतात. संशयाला जागा आहे ती तारखांमुळे. १२ डिसेंबर १९११ला त्याचा दिल्ली दरबार भरला आणि २७ डिसेंबरला कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात हे गीत पहिल्यांदा गायले गेले. त्याच दिवशी तिथे बादशहाच्या गौरवाचे एक हिंदी गीतही झाले, ते रामभुज चौधरींचे. इंग्रजी वृत्तपत्रांनी गल्लत केली आणि तो गौरव 'जन गण मन'चे कवी टागोर यांच्या नावावर चढला. सरकारदरबारी वजन असलेल्या एका मित्राने राजासाठी गीत मागितले होते, हे मात्र टागोरांनी स्वतःच १९३७च्या एका पत्रात सांगितले आहे. त्या मागणीचा त्यांना संताप आला. आपल्या गीतातला भाग्यविधाता हा युगायुगांचा सारथी आहे, तो कुठलाही जॉर्ज असूच शकत नाही, असा त्यांचा खुलासा होता. तरी वावडी उरलीच!

राष्ट्रगीताच्या निवडीत 'वंदे मातरम्' मतदानात हरले, हेही खोटे. मतदान झालेच नाही. २४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीत डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी निवेदन केले: 'जन गण मन' राष्ट्रगीत आणि 'वंदे मातरम्'ला बरोबरीचा मान. पण त्याआधीची खटपट खरी होती, आणि तिच्यात आळंदीत जन्मलेले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर पुढे होते. 'वंदे मातरम्' बँडवर नीट वाजणार नाही, हा आक्षेप खोडण्यासाठी त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली आणि दिल्लीत प्रात्यक्षिकेही दाखवली. मात्र १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत वाद्यवृंदाने 'जन गण मन' वाजवले, ते लोकांना फार आवडले होते. नेहरूंच्या मनात ते पक्के बसले. माझ्या मते, कृष्णराव हरले ते संगीतात नव्हे.

आपल्याकडचा हिशेब वेगळाच. मलकापूर हे कोल्हापूर संस्थानातल्या विशाळगड जहागिरीचे ठाणे होते. कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले १ मार्च १९४९ला. म्हणजे संस्थानाची प्रजा मुंबई प्रांतात सामील होते न होते, तोच वर्षाच्या आत तिला राष्ट्रगीतही मिळाले.

आता कायदा. न गाणारा गुन्हेगार, असे अनेकांना वाटते. राष्ट्रसन्मानाच्या अवमानाविरुद्धचा १९७१चा कायदा शिक्षा सांगतो ती मुद्दाम गायन रोखणाऱ्याला किंवा गाणाऱ्यांत व्यत्यय आणणाऱ्याला: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. केरळातली तीन मुले शाळेत आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजवण्याची २०१६ची सक्तीही त्याच न्यायालयाने जानेवारी २०१८मध्ये मागे घेतली.

राहिले राज्यगीत. राजा बढे यांचे, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि शाहीर साबळे यांनी घरोघरी पोचवलेले 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३पासून अधिकृत झाले, तेही त्यातली दोनच कडवी. त्यामुळे शाळेतले राष्ट्रगीत बंद होणार, अशी कुजबुज तेव्हा झाली होती. ते बंद झालेले नाही; दोन्ही म्हटली जातात आणि अग्रमान राष्ट्रगीताचाच आहे.