बैलघोड्याच्या शेजारी पदव्युत्तर वर्ग

विठ्ठलवाडीहून मुंबईकडे निघालं की पहिलं स्टेशन लागतं कल्याण. तिथे खाडीकाठी, गोविंदवाडी-रेतीबंदर भागात, म्हशींचे तबेले आहेत. धो धो पाऊस आणि भरती एकदम आली की म्हशी सोडून रस्त्यावर आणाव्या लागतात. त्याच लोहमार्गावर तासाभराने परळ येतं आणि तिथे १८८६ पासून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं आहे. विठ्ठलवाडीच्या एखाद्या पदवीधराने पशुवैद्यकात पुढे शिकायचं ठरवलं, तर जनावर आणि प्रयोगशाळा ही दोन्ही त्याला एकाच लोकलच्या पासवर गाठता येतात. एम.व्ही.एस्सी. या पदव्युत्तर पदवीच्या विद्यार्थ्याला याहून मोठी सोय नाही.

परळमध्ये जुन्या माणसाला पत्ता विचारला तर तो ‘बैलघोडा हॉस्पिटल’ असंच सांगतो. पाटीवरचं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावे दिलेल्या देणगीतून १८८० च्या दशकात हे रुग्णालय झालं. लोकांनी ठेवलेलं नाव त्या वेळच्या मुंबईला धरून होतं. १८७४ पासून शहरातल्या ट्राम घोडे ओढत होते आणि मालाची ने-आण बैलांच्या खांद्यावर होती. जनावरांचा छळ थांबवण्यासाठी काम करणारी संस्थाही मुंबईत त्याच वर्षी निघाली. महाविद्यालय सुरू झालं ते या रुग्णालयाच्या आवारालगत, म्हणजे पहिल्या दिवसापासून शिकवणाऱ्यांच्या हाताशी रोगी जनावरं होती.

पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे लष्करातले पशुवैद्य. घोडे आणि खेचरं खंगत जाऊन मरतात त्या ‘सर्रा’ रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये रक्तात पाहिला होता. स्टील यांनी ब्रह्मदेशातल्या खेचरांमध्ये तोच रोग अभ्यासला आणि १८८५ मध्ये परजीवीला इव्हान्स यांचं नाव दिलं. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे नाव आजचा विद्यार्थीही सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवताना उच्चारतो. संशोधक प्राचार्य लाभणं हे या संस्थेचं भाग्यच.

पदवीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कोंबडीपासून घोड्यापर्यंत सगळं शिकून झालेलं असतं. एम.व्ही.एस्सी.ची दोन वर्षं मात्र एकाच विषयाची: शल्यचिकित्सा, प्रजनन, विकृतिशास्त्र, परजीवीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पशुपोषण अशा अनेक विभागांपैकी एक. पूर्वी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे असलेलं परळचं महाविद्यालय २००० साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आलं. अकोल्याला तर पदव्युत्तर शिक्षणासाठीच वेगळी संस्था उभी राहिली.

दोन वर्षांचा खरा कस लागतो प्रबंधात. उदाहरणादाखल कासदाह घ्या. गवळी त्याला ‘दगडी’ म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. पण कास मऊ, दूध पांढरंशुभ्र आणि आजार आत लपलेला, असंही होतं. अशा वेळी पहाटेची धार काढण्याआधी तबेल्यात हजर राहावं लागतं. सड पुसून पहिल्या धारा टाकून द्यायच्या. चार कप्प्यांच्या पसरट ताटलीत चार सडांचं दूध वेगवेगळं घ्यायचं, तितकंच रसायन घालायचं आणि ताटली हलकेच गोल फिरवायची. दुधातल्या पेशी वाढलेल्या असतील तर ते रसायन त्या फोडतं आणि त्या कप्प्यातलं दूध पाहता पाहता चिकट, बुळबुळीत होतं. त्या सडाचं दूध निर्जंतुक नळीत घेऊन बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचं, जिवाणू वाढवायचे आणि कोणतं प्रतिजैविक त्यांना रोखतं ते तपासायचं. म्हैस लाथ मारते, गोठेवाल्याला घाई असते, नमुना वेळेत पोचला नाही तर सकाळ वाया जाते. हे सगळं पुस्तकाच्या बाहेरचं शिक्षण आहे आणि तेच जन्मभर पुरतं.

जनावरांच्या आजारांचा माणसाच्या आरोग्याशीही थेट संबंध आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिस पसरला. त्याचे जंतू उंदीर, कुत्री आणि गुरं यांच्या लघवीतून पाण्यात उतरतात. त्याच पावसात उल्हास नदीने कल्याण-बदलापूरही बुडवलं होतं. सार्वजनिक आरोग्य हा पशुवैद्यकातला स्वतंत्र पदव्युत्तर विषय आहे. महानगराच्या महाविद्यालयात त्याला सर्वाधिक मान मिळायला हवा.

प्रबंध सादर होतो, बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षा घेतात. पुढे कुणी पीएच.डी.ला बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत जातं, कुणी लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी होतं. तबेल्यातल्या गवळ्याला त्याआधीच एक कागद मिळायला हवा: कोणत्या म्हशीच्या कोणत्या सडात काय सापडलं, कोणतं औषध चालेल, आणि ते दिल्यावर किती दिवस तिचं दूध विकायचं नाही.