तनुपटलांवरील अल्प-तीव्रतेची लेसर प्रक्रिया : काचेवरील सिलिकॉनचे स्फटिकीकरण

प्रस्तावना :
सपाट दर्शक-पडद्यांतील ट्रान्झिस्टर काचेवर निक्षेपित केलेल्या सिलिकॉनच्या तनुपटलात घडविले जातात. हे पटल प्रारंभी अस्फटिकी असते. त्यात इलेक्ट्रॉनांची गतिशीलता सुमारे १ चौ.सेंमी. प्रति व्होल्ट-सेकंद एवढीच असते. बहुस्फटिकी पटलात ती १०० च्या आसपास पोहोचते. तथापि स्फटिकी सिलिकॉनचा वितळबिंदू १४१४ अंश सेल्सिअस आहे, तर पडद्याची काच ६०० अंशांच्या पुढे टिकत नाही. काचेला धक्का न लावता तिच्यावरील सिलिकॉन वितळविणे ही मूळ समस्या होय.

तत्त्व :
झेनॉन क्लोराइड एक्सायमर लेसरचा ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सिलिकॉनच्या वरच्या सुमारे १० नॅनोमीटरमध्येच शोषला जातो. स्पंदाचा अवधी सुमारे ३० नॅनोसेकंद धरल्यास तेवढ्यात उष्णता काचेत एका मायक्रोमीटरचा अल्प अंशच शिरते. त्यामुळे अर्धा मिलिमीटर जाडीची काच जवळजवळ थंडच राहते.

ऊर्जेचा हिशेब :
५० नॅनोमीटर जाडीच्या एक चौ.सेंमी. पटलाचे वस्तुमान जेमतेम १२ मायक्रोग्रॅम भरते. अप्रकट उष्मा धरूनही ते वितळविण्यास सुमारे ४० मिलिजूल पुरतात. परावर्तन आणि काचेकडे होणारे वहन यांमुळे प्रत्यक्षात २०० ते ४०० मिलिजूल प्रति चौ.सेंमी. ऊर्जा लागते. ‘अल्प तीव्रता’ हा शब्द येथे सापेक्ष आहे : पटल वितळावे, परंतु उडून जाऊ नये.

मर्यादा :
पटल जवळजवळ पूर्ण वितळले, तर तळाशी उरलेले विरळ स्फटिककण बीजाचे कार्य करतात व मोठे कण आडवे वाढतात. ऊर्जा किंचित वाढून पटल पूर्ण वितळल्यास बीजे नाहीशी होतात, द्रवाचे अतिशीतन होते आणि उलट अतिसूक्ष्म कण निर्माण होतात. म्हणजे अधिक ऊर्जेने गुणवत्ता वाढत नाही, ती ढासळते. स्पंदागणिक होणारा ऊर्जेतील चढउतार ट्रान्झिस्टरांत विषमता आणतो. म्हणून प्रत्येक जागेवर अनेक स्पंद अंशतः एकमेकांवर पाडले जातात. पटलात हायड्रोजन अधिक असल्यास तो स्फोटक वेगाने बाहेर पडून पटल फाटते. यास्तव तो आधी तापवून काढणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
या प्रक्रियेचे यश ऊर्जेच्या विपुलतेवर अवलंबून नाही. ऊर्जा किती खोलवर, किती काळ आणि किती समप्रमाणात पोहोचते, यावरच ते ठरते. वर्गात शिकविले जाणारे शोषण, उष्णतावहन व अप्रकट उष्मा हे तीन पाठ येथे एकत्र येतात.