खिडकी बदलताय? आधी लेबल वाचा!

स्लायडिंग लावून मोकळे होणाऱ्या आपल्या मंडळींना खिडकी हा काही अभ्यासाचा विषय वाटत नाही. पण कंपनीने मिनियापोलिसला धाडलं आणि तिथेच जुनं घर घेतलं, की चित्र पालटतं. जानेवारीची रात्र, बाहेर उणे वीस, आत हीटिंग फुल्ल आणि तरी खिडकीजवळ बसवत नाही! अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबाने, घर गरम किंवा गार ठेवायला लागणाऱ्या ऊर्जेपैकी २५ ते ३० टक्के ऊर्जा खिडक्यांतून ये-जा करणाऱ्या उष्णतेपायी खर्च होते.

मग सेल्समन येतो. ‘ट्रिपल पेन घ्या, सगळ्या एकदम बदला, आजच सही केलीत तर डिस्काउंट!’ थांबा. सहीआधी काचेवरचं एनएफआरसीचं लेबल वाचा.

आकडे दोनच

पहिला यू-फॅक्टर. खिडकीतून उष्णता किती वेगाने निसटते, ते हा सांगतो. जितका कमी, तितकं उत्तम. एका काचेच्या जुन्या खिडकीचा यू-फॅक्टर १ च्या आसपास असतो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या एनर्जी स्टारच्या निकषांत अमेरिकेच्या उत्तर भागासाठी तो ०.२२ आहे. हे साधतं दोन-तीन काचा, त्यांच्यामधला आर्गॉन वायू आणि उष्णता आत परतवणारा लो-ई हा धातूचा अतिशय पातळ थर यांमुळे.

दुसरा सोलर हीट गेन. थंडीत दक्षिणेचं ऊन म्हणजे फुकटचा हीटर! त्यामुळे दक्षिणेच्या खिडक्यांना हा आकडा थोडा जास्त चालतो. उत्तरेला ऊन फारसं येतच नाही, तिथे यू-फॅक्टरच बघा.

फ्रेमकडेही बघा

साध्या अॅल्युमिनियममधून उष्णता भराभर पळते. त्यापेक्षा लाकूड, व्हिनाइल किंवा फायबरग्लास बरं. बिजागरीवर उघडणारी खिडकी बंद करताना रबरी पट्टीवर घट्ट दाबली जाते. सरकत्या खिडकीच्या फटी इतक्या पक्क्या मिटत नाहीत. आणि हो, बसवणाऱ्याने भिंत आणि चौकटीमधली फट नीट भरली नाही, तर भारीतली खिडकीही वारा आत घेणारच.

खिशाचं काय?

अशा खिडक्यांवर ३० टक्के, कमाल ६०० डॉलरची फेडरल करसवलत मिळायची. ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. नुसत्या बिलातल्या बचतीतून पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं लागतात. म्हणून चौकट धड असेल, तर आधी फटी बुजवा, पट्ट्या लावा, बाहेरून स्टॉर्म विंडो बसवा. हे कितीतरी स्वस्तात होतं. चौकट कुजली असेल किंवा दोन काचांच्या मध्ये धुकं साठत असेल, तर तो नंबर पहिला.

आर्गॉन कुणाला दिसणार नाही. पण काम नीट झालं, तर येत्या जानेवारीत खिडकीशेजारच्या खुर्चीसाठी घरात भांडणं होतील!