हातावरचा पिंगळा

जळगावच्या मेहरूण तलावाकाठी संध्याकाळी फिरायला गेलो असता परवा एक आजीबाई आणि त्यांची नात भेटली. ओळख जुनी. आजीबाईंचा सारा जन्म मेहरूणात गेला. बोलणे असे अस्सल की त्यात ‘ळ’ला थारा नाही. नात पुण्याला प्राणिशास्त्र शिकते, दिवाळीच्या सुट्टीला आली होती. बोलता बोलता तिने बाही वर सारली आणि आजीबाई मटकन बाकावर बसल्या.

“अवं माय! हातावर घुबड? अन् ते बी डोये वटारून?”

मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, चांगले वीतभर घुबड गोंदलेले. कातडी अजून लालसर होती. आजीबाईंनी नातीचा हात धरला तेव्हा त्यांचा स्वतःचा हातही उजेडात आला, आणि त्या हातावर तुळशीवृंदावन होते, खाली विंचू होता, कोपराकडे मोर होता. साठ-पासष्ट वर्षांच्या उन्हातान्हाने हिरवट निळे झालेले. हनुवटीवर ठिपका तो वेगळाच. गोंदलेल्या माणसाने गोंदलेल्या माणसाला रागे भरावे, हा प्रकार मला मोठा गमतीचा वाटला. पण आजीबाईंचे म्हणणे गोंदण्याविषयी नव्हतेच. ते पाखराविषयी होते.

तुळस, मोर, कमळ, लक्ष्मीची पावले, पाळणा, भावाचे नाव: गोंदणारणीच्या पोतडीत हे सारे असे. दिव्याची काजळी, पाल्याचा रस, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, आणि वर हळद. आठ-नऊ वर्षांच्या पोरीला दोघींनी धरायचे, तिसरीने टोचायचे. बाकीचे दागिने चोर नेतो, सावकार नेतो. हा एकच दागिना मेल्यावरही संगती येतो, अशी त्यामागची श्रद्धा. त्या चित्रांत विंचवालाही जागा होती! नांगी उगारलेला विंचू हातावर बसवून घ्यायला बायका कचरल्या नाहीत. घुबड मात्र मला आजवर एकाही म्हातारीच्या हातावर दिसलेले नाही.

कारण काय, ते आपल्या प्रत्येकाच्या आजीने आपल्याला सांगितले आहे. घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नेते, पाण्याच्या काठी घाशीत बसते, आणि दगड झिजेल तसतसा मारणारा झिजतो. लहानपणी या गोष्टीने माझी झोप उडवली होती. आता वाटते, ज्या कोणी ती रचली त्याने निदान पोरांच्या हातातले दगड तरी खाली ठेवायला लावले.

आणि तरीही याच पाखराचे नाव लावून एक माणूस पहाटे आपल्या दारी येत असे. डोक्याला पागोटे, हातात कंदील, दुसऱ्या हातात कुडमुडे. तो पिंगळा! पिंगळा पक्ष्याची भाषा त्याला कळते अशी समजूत. म्हणून त्याचे भविष्य खरे. घरची मंडळी अंथरुणातूनच कान टवकारीत आणि उठून सुपात धान्य घालीत. म्हणजे पाखरू अशुभ, पण त्याचा दुभाषी शुभ. बंगालात तर घुबड हे साक्षात लक्ष्मीचे वाहन आहे. तिकडे अथेन्सच्या ग्रीकांनी आपल्या चांदीच्या नाण्यांवर घुबड छापले, ते त्यांच्या अथीना देवीचे पाखरू म्हणून. आपल्या पिंगळ्याच्या शास्त्रीय नावातही तीच देवी बसली आहे.

“आजी, हा साधा पिंगळा नाही,” नात म्हणाली. “याच्या डोक्यावर ठिपके नाहीत, बघ. हा रानपिंगळा. आपल्या खानदेशचा.”

इथे मी बाकावर सरसावून बसलो, कारण गोष्ट खरोखरच आपल्याकडची आहे आणि आपल्याचकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. 1873 मध्ये ह्यूमने या पक्ष्याचे प्रथम वर्णन केले. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात याचे काही नमुने मिळवले. 1884 नंतर मात्र पाखरू जे गडप झाले ते झालेच. जगभरच्या संग्रहालयांत मिळून उरली अवघी सात कातडी. कर्नल माइनर्ट्झहागन यांनी 1914 साली गुजरातेत एक मारल्याचा दावा केला होता, म्हणून शोधणारे तिकडे हिंडत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी त्या नमुन्याची शिवण उसवून पाहिली, तेव्हा कळले की कर्नलसाहेबांनी डेव्हिडसनचाच पक्षी संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, आपल्या नावावर खपवला होता! मग बाई दोन सोबत्यांसह खऱ्या जुन्या ठिकाणांच्या शोधात निघाल्या आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा दिवसाउजेडी फांदीवर बसलेला सापडला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. एकशे तेरा वर्षे पाखरू इथेच होते. सागाची जंगले तेवढी त्याच्या भोवतीने कमी होत गेली.

नातीने हे सारे आजीला तिच्या भाषेत सांगितले. गोंदणारा म्हणे डोक्यावर ठिपके घालायला निघाला होता, कारण त्याच्याजवळच्या चित्रात ते होते. हिने त्याचा हात धरला आणि ठिपके घालू दिले नाहीत.

“हात धरला? तू?” आजीबाईंनी विचारले. मग जरा थांबून म्हणाल्या, “माहा हात तं दुसऱ्यांनीच धरला व्हता.”

यंत्राच्या सुया आता मिनिटाला हजारो वेळा टोचतात, पण काम तेच. शाई कातडीच्या आतल्या थरात जाते. तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात आणि पचवू शकत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवर दाखवून दिले की अशी पेशी मेली म्हणजे तिची शाई शेजारची नवी पेशी गिळून घेते. थोडक्यात, सासूचा दागिना सुनेकडे जावा तसा हा ऐवज कातडीतल्या कातडीत हस्तांतरित होत राहतो. सुई नवी, बंद पाकिटातली आहे ना, हे मात्र डोळ्यांनी पाहून घ्यावे. नाही तर शाईबरोबर काविळीचा विषाणूही आत जाऊ शकतो. गोंदल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही, तेही ध्यानात असू द्यावे.

आजीबाईंची काळजी वेगळी होती. “तुला कोन करीन वं? पोहे घेऊन जाशीन, अन् पाहुन्याले आधी हे डोये दिसतीन.”

“ज्याला भीती वाटेल तो आपोआप उठून जाईल, आजी. तेवढंच काम हलकं.”

मला हसू आले, पण आजीबाईंना नाही. मुलीच्या आईलाही हे कळायचे होते अजून. शिवाय नातीच्या मनात दुसरेच काही होते, ते तिने हळू आवाजात मला सांगितले. दिवाळीच्या अमावास्येला मांत्रिकाच्या नादी लागून घुबडे पकडणारे, बळी देणारे लोक अजून आहेत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, तरी चोरटा बाजार चालतो. लक्ष्मी यावी म्हणून लक्ष्मीचेच वाहन मारायचे! “कुणी हातावरचं घुबड पाहून काही विचारलं तर मी हे सांगते,” ती म्हणाली. “रोज कुणी ना कुणी विचारतंच.”

अंधार पडू लागला तसा काठच्या जुन्या झाडाच्या ढोलीतून एक साधा पिंगळा बाहेर आला, मान वर-खाली करून आम्हाला न्याहाळू लागला आणि चिर्र-चिर्र करीत भांडखोर आवाज काढू लागला. एरवी आजीबाईंनी तोंड फिरवले असते. या वेळी त्यांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा नातीच्या हाताकडे निरखून पाहिले.

“त्याले ठिपके हायेत,” त्या म्हणाल्या.

“तेच तर सांगत होते!”

“बरं, बरं. घरी चाल. हयद लावते त्याच्यावर, लाल झालं किती.”

“हळद नाही लावायची आजी, मलम दिलंय त्यांनी.”

“मलमानं काय व्हते? माह्या इंचवाले हयदच लावली व्हती, पाह्य, अजून जिता हाये.”

मी निघालो तेव्हा दोघी घराच्या वाटेला लागल्या होत्या आणि हळदीचा वाद मिटलेला नव्हता.