सव्वा महिन्यानंतरची कैफियत

जालना जिल्ह्यात, अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठापासून भोकरदन-जाफराबादच्या पूर्णेच्या खोऱ्यापर्यंत, बाळंतिणीची बडदास्त ठेवण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, तिचा तपशील घरातील कोणतीही वडीलधारी बाई न अडखळता सांगू शकते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून तीवर ओवा, वावडिंग आणि बाळंतशेपा यांची धुरी द्यावी, अंगाला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालावे, पोट जुन्या लुगड्याच्या पट्टीने आवळून बांधावे, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे यांनी झिजलेले शरीर भरून काढावे, पाचव्या दिवशी सटवाई पुजावी आणि सव्वा महिना लोटल्याखेरीज तिला जड कामास हात लावू देऊ नये, असा हा सगळा बंदोबस्त असतो. त्यात माया आहे, अनुभव आहे, आणि पुष्कळसे शहाणपणही आहे. परंतु ज्या वाटेने मूल जगात आले त्या वाटेची आता काय अवस्था आहे, तेथे आग होते काय, टाके ओढतात काय, आणि नवऱ्याच्या निकट जाण्याच्या कल्पनेनेच मन आक्रसते काय, हे विचारण्याची तजवीज या रीतीत कोठेही नाही. सव्वा महिना संपतो, लेक सासरी परत जाते, आणि तिची खरी कैफियत तिच्या मनातच दप्तरबंद होऊन राहते.

ही कैफियत समजून घ्यावयाची तर आधी शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे. गर्भारपणात इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाचे प्रमाण अतिशय वाढलेले असते; वार पडताच ते एकाएकी कोसळते. पुढे मूल अंगावर पिऊ लागले की दूध निर्माण करणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक चढते राहते, त्याच्या प्रभावाने अंडाशये जणू रजेवर जातात, आणि इस्ट्रोजेन खालच्याच पातळीवर राहते. योनिमार्गाचे अस्तर जाड, ओलसर आणि लवचीक ठेवणे हे इस्ट्रोजेनचे काम असल्यामुळे, ते नसता अस्तर पातळ व कोरडे होते, लघवीच्या वेळी चुरचुरते आणि समागमाच्या वेळी दुखते. शस्त्रक्रियेने, म्हणजे सिझेरियनने, प्रसूत झालेल्या स्त्रीलाही हा कोरडेपणा चुकत नाही, कारण त्याचे मूळ जखमेत नसून संप्रेरकांत आहे. जिचे अंग प्रसूतीत फाटले किंवा ज्या जागी छेद देऊन टाके घातले, तिला त्याशिवाय व्रणाचा ताण सोसावा लागतो; टाक्यांचा दोरा बहुधा काही आठवड्यांत आपोआप विरघळतो, पण व्रण मऊ पडण्यास महिने लागतात.

या ठिकाणी आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांची दृष्टी किती सूक्ष्म होती याचा आदराने उल्लेख करावासा वाटतो. सूतिकावस्थेची मुदत एका मताने दीड महिन्याची, तर दुसऱ्या मताने पुन्हा ऋतुदर्शन होईपर्यंतची, असे दोन पक्ष आयुर्वेदात नोंदलेले आहेत. पहिला पक्ष आजच्या गणनेशी जुळतो: गर्भाशय आकुंचन पावून पूर्वीच्या आकारास येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, आणि आशा कार्यकर्ती दवाखान्यात प्रसूत झालेल्या स्त्रीच्या घरी ज्या सहा भेटी देते त्यांतील शेवटची बेचाळिसाव्या दिवशी असते. माझ्या मते मात्र दुसरा पक्ष अधिक मोलाचा आहे. पाळी परत येते याचा अर्थ अंडाशये पुन्हा कामावर रुजू झाली, इस्ट्रोजेन परतले, आणि त्याबरोबर ओलावा व पुष्कळदा इच्छाही परतण्याचा मार्ग मोकळा झाला. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे सहा महिन्यांनी घडेल, कधी वर्षानेही घडेल. तेवढ्या अवधीत तिची इच्छा मंदावली तर तिच्यात काही बिघाड झाला, किंवा नवऱ्यावरचे तिचे मन उडाले, असा निष्कर्ष काढणे हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

इच्छा मंदावण्याची कारणे संप्रेरकांवर संपत नाहीत. रात्रीतून चार वेळा उठून पाजणारी, दिवसा धुणे, चूल आणि थोरल्या मुलाचा हट्ट सांभाळणारी स्त्री निजेला पारखी झालेली असते, आणि निजेला पारख्या झालेल्या शरीरात कामेच्छेला जागा उरत नाही. त्यातच रक्त कमी असेल तर थकवा दुणावतो. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने दाखवून दिलेले आहे. म्हणून बाळंतिणीच्या खऱ्या शक्तिवर्धकांत लोहाच्या साध्या गोळीला मी पहिला मान देईन. ती प्रसूतीनंतर रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यावयाची असून प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. चहाबरोबर न घेता लिंबू किंवा मोसंबीच्या रसाबरोबर घेतली तर लोह अंगी अधिक लागते, आणि मोसंबीची तर जालन्यात वाण नाही. थकवा, केस गळणे, छातीत धडधड हे सारे फार टिकले तर गलग्रंथीची, म्हणजे थायरॉइडची, रक्ततपासणी करावी, कारण प्रसूतीनंतरच्या वर्षात या ग्रंथीचे कार्य बिघडण्याचा संभव असतो. आणि बाळाकडेही पाहू नये असे वाटणे, सतत रडू येणे, जगण्यात रस न उरणे, ही लक्षणे दोन आठवड्यांवर राहिली तर ती दृष्ट लागल्याची नव्हेत. त्यांवर उपचार आहेत आणि ते तत्परतेने केले पाहिजेत.

आता नैसर्गिक उपायांकडे वळू. टाक्यांच्या दुखण्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला थंड शेक थोडा थोडा वेळ द्यावा; पुढे स्वच्छ घासलेल्या पसरट टबात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटे दिवसातून दोन-तीनदा बसावे, आणि नंतर जागा न घासता मऊ कापडाने टिपून कोरडी करावी. घडी वा पॅड चार-सहा तासांनी बदलावे. धुतलेले कापड चांगल्या उन्हात वाळवावे, लाजेपायी दुसऱ्या लुगड्याखाली दडवून वाळवू नये. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे ही काही घरांतील समजूत सोडून द्यावी, कारण पाणी आणि पालेभाजी कमी पडली की शौचास खडा होतो आणि कुंथताना ताज्या व्रणावर ताण येतो. डिंक, अळीव, खोबरे, शेंगदाणे हे पौष्टिक अन्न आहे, ते आनंदाने खावे. फक्त त्यांच्याकडून कामेच्छेचा चमत्कार अपेक्षू नये. शतावरीची कीर्ती मोठी असली तरी बाळंतिणीची इच्छा वाढविण्याबाबत तिचा भक्कम पुरावा नाही. अश्वगंधा तर पाजणाऱ्या आईने वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊच नये. तिची निर्धोकता सिद्ध झालेली नाही आणि क्वचित यकृतास इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

ज्याला औषध लागत नाही, पैसा लागत नाही आणि तरीही जो खरोखर गुण देतो असा एक उपाय मात्र विस्ताराने सांगितला पाहिजे. मराठवाडा निझामी अंमलातून मुक्त झाला त्याच १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी ओटीच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या व्यायामावर निबंध प्रसिद्ध केला, आणि आज जगभर हा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वारा सरू नये व लघवी थांबावी म्हणून आपण जे स्नायू आत ओढतो, तेच तीन ते पाच सेकंद आवळून धरावे, मग तितकाच वेळ पूर्णपणे सैल सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये, पोट आणि मांड्या ताठ करू नयेत, आणि लघवी करीत असताना हा सराव करीत बसू नये. खोकताना लघवीचा थेंब सुटणे, अंग खाली ओढल्यासारखे वाटणे, सैलपणाची जाणीव, यांवर दोन-तीन महिन्यांच्या नियमित सरावाने पुष्कळ उतार पडतो. मात्र स्पर्शाच्या भीतीने हे स्नायू आधीच घट्ट आवळले जात असतील, तर आवळण्यापेक्षा सैल सोडण्याचाच सराव करावा, व शक्य असल्यास फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

कोरडेपणावर औषधांच्या दुकानात मिळणारे पाण्यात विरघळणारे वंगण हा सरळ व निर्धोक इलाज आहे. खोबरेल तेल बाहेरून लावण्यास हरकत नाही, पण तेलाने निरोधचे रबर कमकुवत होऊन फाटते, हे ध्यानात ठेवावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टर अल्प मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम देऊ शकतात.

याउलट जे करू नये ते निक्षून सांगितले पाहिजे. अंग आवळावे म्हणून तुरटी आत ठेवणे, कडुनिंबाच्या काढ्याने आतून धुणे, हळद, दही, लसूण यांच्या पुरचुंड्या सारणे, असले प्रकार पातळ झालेल्या अस्तराला इजा करू शकतात, तेथील उपकारक जंतूंचा तोल बिघडवू शकतात आणि रोगजंतूंना वाट करून देतात. योनिमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतःच राखतो; धुवावयाचे ते बाहेरून, आणि तेही नुसत्या पाण्याने. शेगडीचीही तीच गोष्ट: बाजेखालच्या निखाऱ्याने बधिर पडलेली त्वचा नकळत भाजते, आणि कोंदट खोलीतला धूर व विषारी वायू आई-बाळ दोघांनाही घातक ठरतात. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची पिशवी कंबरेला पुरते.

मौनाची किंमत किती असते, याचा हिशेब महाराष्ट्रातच मांडला गेलेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेट या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे, आणि पूर्वी अशी तपासणी अवघ्या ८ टक्क्यांची झाल्याचे जगापुढे आले. रोग होता, वेदना होती. विचारणारे मात्र कोणी नव्हते. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात याच मौनाचे पर्यवसान ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढून टाकण्यात झाले. २०१९ साली तो प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशा ज्या तक्रारी वेळीच तपासल्या तर साध्या गोळ्यांनी बऱ्या होण्यासारख्या असतात, त्यांवर अवयवच काढून टाकण्याचा उपाय व्हावा, याहून खेदाची गोष्ट नाही.

पुरुषाचा विषय येथे टाळता येणार नाही. सव्वा महिना पुरा झाला म्हणजे पत्नीचे शरीर आपसूक आपल्या स्वाधीन झाले, अशी समजूत पुष्कळ घरांत आहे. पण रक्तस्राव थांबला, व्रण भरला आणि तिला स्वतःला वाटले, या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज ती वेळ आलेली नसते, मग दिनदर्शिका काहीही म्हणो. नवऱ्याने रात्री बाळाला एकदा खांद्यावर घेऊन फिरवावे, पाण्याचे हंडे आणावेत, आणि काही मागण्याच्या हेतूवाचून पत्नीजवळ बसावे; इच्छा परत येण्यास याची मदत कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक होते. दुखत असेल तर तेथेच थांबावे, कारण वेदनेच्या आठवणीने शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून घेते आणि दुखणे वाढत जाते. असे बोलणे आपल्या संस्कृतीत बसत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी र. धों. कर्वे यांचे स्मरण करावे. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी पदरमोड करून चालविले, वाचकांच्या लैंगिक शंकांना मराठीत उत्तरे दिली, आणि त्यापायी झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले.

अंगावर पाजते आणि पाळी आली नाही, तेव्हा दिवस राहणार नाहीत, हा भरवसा धोक्याचा आहे. तो पहिल्या सहा महिन्यांपुरता, बाळाला रात्रंदिवस केवळ अंगावरचेच दूध चालू असताना आणि पाळी आली नसतानाच बहुतांशी खरा ठरतो. यांतील एक अट मोडली की पाळीच्या आधीही गर्भ राहू शकतो. पुन्हा दिवस जाण्याची भीती हेही इच्छा मावळण्याचे मोठे कारण आहे. तांबी, निरोध, अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळ्या यांपैकी काय आणि केव्हा योग्य ते सरकारी दवाखान्यात विचारून ठरवावे.

हे सारे लिहिताना मंठा, परतूर, अंबड आणि घनसावंगीच्या तांड्या-वस्त्यांवरच्या, ऊसतोडीला जाणाऱ्या त्या स्त्रिया डोळ्यांसमोरून हलत नाहीत, ज्यांना सव्वा महिनाही मिळत नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोच्या जोडीचा मोजला जातो, आणि दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर निघाला की ओली बाळंतीणही तान्ह्याला घेऊन त्यात बसते. फडावर न्हाणीघर नाही, पुरेसे पाणी नाही, आणि खोपीत आडोसाही नाही. तिला विश्रांतीचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. विश्रांतीची व्यवस्था करण्याची जबाबदारी कारखान्याची आणि सरकारची आहे, आणि ती त्यांच्याकडून हक्काने मागितली पाहिजे. तोवर निघण्यापूर्वी आशाताईंकडून लोहाच्या गोळ्या भरून घ्याव्यात, धुतलेली सुती कापडे भरपूर बरोबर बांधावीत, निदान पहिले काही महिने मोळी डोक्यावर चढविण्याचे काम नवऱ्याने आपल्याकडे घ्यावे, आणि माता व बाल संरक्षण कार्ड बोचक्यात तळाशी न घालता हाताशी ठेवावे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पॅड तासाभरात भिजून जाईल असा रक्तस्राव, एका पायाला सूज येऊन दुखणे, किंवा अंग बाहेर आल्यासारखे वाटणे, यांतील एक जरी लक्षण दिसले तरी ते कार्ड दाखवून फडाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी जावे. जिल्हा परका असला तरी तेथे तपासणीचा हक्क तिचाच आहे.